आईच्या शाळेत न घेतलेली मुलगी

प्रिय आई,

तुझ्या निरोपसमारंभाला आठवडा झाला. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला शेवटपर्यंत थांबावं लागेल, म्हणून लिहितेय.

समारंभ छान झाला, हे आधी सांगते. शाळेच्या मुऐदरच्या इमारतीतल्या त्या भरलेल्या ऑडिटोरियममध्ये बसून मला दोह्याच्या अल हिलाल भागातला आपला व्हिला आठवत होता. हॉलमधला सोफा तू गॅरेजमध्ये ढकललास, भिंतीवर पांढरा फळा ठोकलास आणि बाबांना म्हणालीस, "श्याम, आता तू बेडरूममध्ये बसून टीव्ही बघायचा." आपल्या लोकांच्या मुली हुशार असूनही लग्नाची वाट बघत बसतात आणि इंजिनिअरिंगला फक्त मुलगे जातात, याची तुला चीड होती. ती चीड खरी होती, मी ते कधीच नाकारणार नाही. मूठभर मुलींना घेऊन सुरू केलेला तो क्लास, मग परवाना, मग सहावीपासूनची शाळा. मुली वाढल्या, जागा पुरेना, तेव्हा तू प्रवेशपरीक्षा आणलीस. अकराव्या वर्षी एक पेपर आणि त्यावर सगळं.

माझ्या परीक्षेच्या वर्षीची दिवाळी आठवते? मंडळाच्या फराळाला नमिताकाकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमच्या मोठीला घेतलं नाही, पण नीताची ईश्वरी बघा, पेपर कोरा ठेवला तरी आत जाईल." सगळे हसले. तूही हसलीस. त्यानंतर बरेच दिवस तू मला रोज गणितं घालत होतीस, आणि मी ती सोडवत होते. माझा युनिफॉर्म शिवून आला होता. नेव्ही ब्लू, कॉलरला पांढरी पट्टी.

निकालाच्या दिवशी तू पालकांना अंगणात बोलावलंस आणि पायरीवर उभी राहून म्हणालीस, "यंदा माझी मुलगी कमी पडली. नियम म्हणजे नियम." मी तिथेच होते, आई. तू मला आधी सांगितलं नव्हतंस. नमिताकाकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे पुसले. त्यांच्या धाकट्या ईराला प्रवेश मिळाला होता. आमची अंगकाठी सारखी, म्हणून माझा युनिफॉर्म तू त्याच संध्याकाळी तिला देऊन टाकलास. वाया कशाला घालवायचा, म्हणालीस.

मला दुसऱ्या शाळेत घातलं, ती दुपारची भरायची. त्यामुळे रोज सकाळभर मी वरच्या मजल्यावर आणि खाली तुझी शाळा. प्रार्थना मला पाठ झाली. तुमच्या परीक्षा असल्या की तू जिन्यातून ओरडायचीस, "ईश्वरी, चपला काढून चाल, मुलींचं लक्ष जातं." एकदा मधल्या सुट्टीत मी खाली आले तर ईराने मैत्रिणींना माझी ओळख करून दिली, "दॅट्स हर. द वन हू डिडन्ट गेट इन." ती काही चिडवत नव्हती. तुझ्याच शाळेत शिकलेली गोष्ट सांगत होती.

कारण ती गोष्ट तू सांगत राहिलीस. प्रत्येक नव्या पालकसभेत, प्रत्येक गॅदरिंगला. 'माझ्या पोटच्या पोरीलासुद्धा मी घेतलं नाही.' पुढच्या वर्षी अर्ज दुप्पट आले. नमिताकाकू तर तुझ्या भक्तच झाल्या, आणि त्यांच्या मिस्टरांनी ओळखी लावून मुऐदरची जागा मिळवून दिली. मी बारावीला चांगली पास झाले, नाशिकला जाऊन फिजिओथेरपी केली, परत येऊन इथे नोकरीला लागले. तरी कुणाकडे जेवायला गेलं की यजमान म्हणायचे, "अच्छा, म्हणजे ती तूच!" बाबा अशा वेळी ताटात बघत बसायचे. ते संकोची आहेत, असं मला वाटायचं.

गेल्या महिन्यात सुहाना मॅडम आमच्या क्लिनिकमध्ये आल्या. तुझ्या शाळेतल्या पहिल्या गणिताच्या मॅडम. आता मुलाकडे राहतात. खांदा आखडलाय त्यांचा. त्यांचा हात मी हळूहळू वर नेत होते, तेव्हा त्यांनी मला ओळखलं आणि रडायला लागल्या. मला वाटलं, दुखलं. म्हणाल्या, "बेटा, तुम तो पास थी. अच्छे नंबर थे." मी हात तसाच धरून उभी राहिले. त्या सांगत गेल्या. पेपर त्यांनीच तपासले होते. शेवटच्या जागेला ईरा कमी पडत होती आणि मी आरामात आत होते. तू त्यांना म्हणालीस, "एक साल की बात है. ईश्वरी को मैं घर पे पढ़ा लूँगी. अपनी बेटी को नहीं लिया तो कोई उँगली नहीं उठाएगा, स्कूल बच जाएगा." मी विचारलं, बाबांना माहीत होतं? त्या म्हणाल्या, "साहब उस दिन बहुत लड़े थे. फिर चुप हो गए." बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांना आता विचारताही येत नाही, की गप्प का झालात.

हे सगळं माहीत असताना मी समारंभाला आले. तू पुन्हा ती गोष्ट सांगितलीस, मला स्टेजवर बोलावलंस, सगळं सभागृह उभं राहिलं. तू माझ्या हातात माइक दिलास. पहिल्या रांगेत यंदाच्या सहावीच्या मुली होत्या, त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी म्हणाले, "आईने शाळेसाठी काय केलं, ते मला माहीत आहे," आणि खाली उतरले. खरं बोलले असते तर तू तिथेच कोसळली असतीस, आणि लोक तुलाच सावरायला धावले असते. ते मला बघायचं नव्हतं.

मग गाडीत तू सहज म्हणालीस, "शाळेचा व्हिसा या महिन्यात खलास. आता इथे राहायचं तर मला तुझ्या स्पॉन्सरशिपवर घे. तुझ्याकडे एक खोली रिकामीच आहे." मी 'बघते' म्हणाले होते. बघितलं. ऑफिसने होकार दिलाय, कागद तयार आहेत, माझी एक सही बाकी आहे. ती मी करणार नाही. हेच सांगायला हे पत्र लिहिलं. नाशिकचं तिकीट काढून देते, मामाशी बोलले आहे, सामान पाठवायची व्यवस्था करते. इथे तू माझ्याकडे राहणार नाहीस. नमिताकाकू विचारतील, मुलगी दोह्यात असताना तू का चाललीस. सांग, ईश्वरीला जमलं नाही. माझ्याबद्दल तू असं काही सांगितलंस की लोकांना लगेच पटतं.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ईश्वरी