घुबड, वेताळ आणि हॉर्न

६ ऑक्टोबर २००२, रविवार
कथालेखन शिबिर संपलं. फी नाममात्र. खरा खर्च असा: खोडाळ्याच्या चार फेऱ्या बुडाल्या, माझी दुसरी जीप चालवणारा मेहुणा धनेश दोन दिवस फुगून बसला आणि शिबिरातल्या बाकीच्या लेखकांना मी माझ्याच जीपने फुकट घरी सोडलं. पण मिळालं त्याला मोल नाही. कॉलेजच्या उज्ज्वला मॅडम म्हणाल्या, कथेतली काळी गोष्ट तोंडाने बोलायची नसते. प्रतीकातून, पूर्वसूचनेतून ती वाचकाला आपोआप कळली पाहिजे. मी ओळखलं, हे आपलं काम. क्लीनरपासून दोन जीपांपर्यंत आलोय. मागच्या सीटवरची कुजबुज मला गिअर टाकतानाही ऐकू येते. माझ्या गाडीत एकदा बसलेला माणूस पुन्हा एसटीत चढत नाही, ते उगीच?
दिवाळीआधी वाचनालयात निवडक तीन कथांचं जाहीर वाचन आहे. संकल्प: त्यातली एक माझी.

८ ऑक्टोबर
पुष्पलता अजून माहेरी, साखरशेतला. गौरीला गेली ती. भांडण वगैरे काही नाही. आधी गौरी, मग पाऊस, आता भातकापणी. धनेशबरोबर निरोप धाडलाय: ताईला म्हणावं, वाचनाला ये. नवरा माईकवर बघितला की बाई विरघळणारच. तिथूनच परस्पर घरी आणायची.
चहात आज पुन्हा मीठ पडलं. डबे सारखे दिसतात.

११ ऑक्टोबर, दुपार
कथा झाली! नायक जिवा. जीपवाला, देखणा, कष्टाळू. कोणाशी साम्य आढळल्यास योगायोग. विषय: मृत्यू. प्रतीकं भरपूर वापरलीत. तीन घुबडं, एक वठलेलं झाड, आरशाला बांधलेली लाल चिंधी आणि बोहाड्याच्या सोंगांतला वेताळाचा मुखवटा. शेवटी जीप दरीत. जिवाला एक बायको दिलीय, कारण त्याला जेवायला घरी जावं लागतं. तिला नाव सुचलं नाही. तसं अडलंही नाही.

१४ ऑक्टोबर
मोखाड्याच्या स्टँडवर सीटा भरेपर्यंत कथा वाचून दाखवली. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे श्रोते जाऊन जाऊन जाणार कुठे! पण अंगावर काटा कोणाच्याच आला नाही. वेताळाच्या मुखवट्यावर तर खोडाळ्याची चैती म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "नाय रं मधुशेठ, वेताळाचं सोंग तं आमचा रघ्या घेतो. तो कोंबडीला भितो." हा मोठा घोटाळा आहे. आपल्याकडे मुखवट्याआड कोण नाचतो ते पोराटोरांना ठाऊक. भ्यायचं कसं? मागून कोणीतरी विचारलं, "शेठ, घुबडांचं तिकीट हाफ का फुल?" सगळी गाडी हसली. मीही हसलो, धंद्यासाठी.
निर्णय: वेताळ रद्द. घुबडं सहा.

२१ ऑक्टोबर
निवड झाली!! मॅडम स्वतः स्टँडवर आल्या. म्हणाल्या, घुबडं सगळी काढा. झाडही काढा. (आता उरलं काय?) पण हॉर्न फार भयंकर वापरलाय तुम्ही. मी गप्प राहिलो. न कळताना गप्प राहिलं की माणूस विद्वान दिसतो. मॅडमच पुढे म्हणाल्या, जिवाची बायको बोलायला तोंड उघडते आणि दर वेळी तो हॉर्न वाजवतो. कथाभर तिचं एक वाक्य पुरं होत नाही. पुढची सीट कधी तलाठ्याला, कधी गुरुजींना. ती मागे पोत्यांवर. एक बाई डोळ्यांदेखत नाहीशी होते आणि सांगणाऱ्याला पत्ता नाही. खरा काळोख तो! मुद्दाम केलंत ना?
म्हटलं, अर्थात. त्यावरच तर कथा उभी आहे.
(खासगीत: घाटात वळणं आहेत. हॉर्न द्यावाच लागतो. आणि तलाठी काय पोत्यावर बसणार?)

२६ ऑक्टोबर
धनेशला विचारलं, ताई काय म्हणाली? तो म्हणाला, "बघू म्हणाली, दाजी." म्हणजे येणार. पुढच्या सीटला नवीन कव्हर घातलं, मखमली, हिरवं. सकाळी उमेश गुरुजी सवयीने पुढे चढायला लागले. म्हटलं, गुरुजी मागे, ही सीट रिझर्व्ह. ते म्हणाले, "कलेक्टर येतोय का रे?" म्हटलं, त्याच्याहून मोठं माणूस. दिवसभर ती सीट रिकामी पळवली. धनेश म्हणाला, दाजी, आज का? मला प्रश्न कळला नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार
वाचन फक्कड झालं. हॉर्न मी तोंडानेच वाजवला. पहिल्या हॉर्नला बायका हसल्या, दुसऱ्याला थोड्या, चौथ्याला कोणीच नाही. मॅडमनी माझ्यातल्या काळोखाचं, म्हणजे कथेतल्या, फार कौतुक केलं.
पुष्पलता आली होती! शेवटच्या रांगेत, नवीन साडी, खांद्याला पिशवी. मी सरळ तिच्याकडे गेलो आणि हॉर्नचं प्रतीक नीट समजावून सांगितलं. ती मध्ये काहीतरी सांगू बघत होती, पण मुद्दा सुटला असता. माझं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "त्या बाईचं शेवटी काय झालं?" म्हटलं, तिचं काही नाही, ती गौण पात्र आहे. "बरं," म्हणाली. तेवढ्यात अध्यक्षांनी चहाला बोलावलं. दोन कप घेऊन वळलो तर ती नव्हती. गर्दी फार होती.

३ नोव्हेंबर
धनेशला गाठलं. म्हटलं, खरं काय ते सांग. तो टायरकडे बघत बोलला. ताईची साखरशेतच्या अंगणवाडीत निवड झाली, ऑगस्टातच. "तुम्हाला गाडीतच सांगितलं होतं तिने, दाजी. घाटात, तीनदा. मागच्यांनी पेढे पण मागितले." परत यायचं तिच्या मनात नाही. राग नाही म्हणे. तिकडे पोरं तिचं ऐकतात.
दर महिन्याला मीटिंगला जव्हारला येते, हेही त्यानेच सांगितलं. म्हटलं, मग तुझ्या गाडीने येत असेल.
नाही म्हणाला. एसटीने.