मार्थाचे तीन शनिवार

४ जाने., रविवार
मिस्सानंतर सिस्टर ग्रेसीने हाक मारली. यंदा दृढीकरणाला, म्हणजे बिशपांकडून कपाळाला तेल लावून घ्यायला, बसणाऱ्या पोरांचे अर्ज तिच्याकडे. कुंभारीच्या अंजलीने त्या वेळी पाठीशी उभी राहणारी धर्ममाता म्हणून तिला अभ्यासिकेत शिकवणाऱ्या मार्थाचं नाव लिहिलंय. धर्ममातेचं स्वतःचं दृढीकरण झालेलं लागतं. सि. म्हणाली, "मास्तर, जुनं रजिस्टर तुमच्याच हातचं. तेवढं मार्थाताईंचं नाव शोधून द्या ना."
शोधायची गरज नव्हती. तरी पानं उलटत बसलो. माझंच अक्षर, ठसठशीत. नावावर लाल रेघ, पुढं शेरा: गैरहजर ३.
रजिस्टर मिटलं. "सापडत नाही, पुढच्या रविवारी बघतो." वेदीमागच्या खोलीत उभं राहून खोटं बोललो. या वयात.

६ जाने., मंगळ.
तो नियम कुठल्या फादरांनी घातला नव्हता. मीच घातला. तेव्हा गिरणीत जॉबर होतो, कामगारांवरचा मुकादम. न सांगता तीन खाडे, की कामगाराचं नाव पटावरून कमी. धर्मशिक्षणाचा वर्ग हातात आला तेव्हा मला दुसरी शिस्त ठाऊक कुठं होती? सातवी नापास माणूस. पुस्तकं वाचून वाचून मास्तर झालो नि गिरणीचा नियम देवळात आणून ठेवला. फादर खूश झाले. "मास्तर कडक आहेत."
वर्ग शनिवारी दुपारी. मार्था तेरा-चौदा वर्षांची. आई विड्या वळायची, ती तापाने पडली. वळलेल्या विड्या कारखान्यात पोचवायला पोरगी जायची. सांगायला आली होती. "मास्तर, आईला बरं न्हाय." मी म्हणालो, नियम म्हणजे नियम.
एवढंच म्हणालो. एका वाक्यात काम.

८ जाने., गुरु.
दृढीकरणाला बिशप आले तो दिवस डोळ्यांपुढून जात नाही. मार्था पांढरा फ्रॉक घालून शेवटच्या बाकावर आईशेजारी बसली होती. फ्रॉक आधीच शिवून झाला होता ना. पोरं रांगेने पुढं जात होती, कपाळाला तेल लागत होतं. ती उठली नाही. मी पुढं, नव्या कोटात, रांग सरळ करत होतो.
फिलूला सकाळी सगळं सांगितलं. चहा गाळता गाळता म्हणाली, "मला काय सांगताय? माझं का नाव कापलं होतं तुम्ही? तिला सांगा जाऊन."
चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई एकदाही चुकीचं बोलली नाही, हाच त्रास आहे.

११ जाने., रवि.
फा. नि सि. दोघांपुढं रजिस्टर उघडलं. सि. रेघेवर बोट ठेवून राहिली. फा. म्हणाले, मोठ्या माणसाचंही होतं की दृढीकरण. ईस्टरनंतर बिशप येणारच आहेत. आधी मार्थाचं, मग अंजलीचं, एकाच मिस्सात. पण मार्थाने स्वतः मागितलं पाहिजे, नि थोडी तयारी.
"तिच्याशी तुम्हीच बोला, मास्तर."
इतकी वर्षं वर्ग घेतला म्हणून त्याच दिवशी माझा सत्कारही ठेवलाय म्हणे. शाल, श्रीफळ. नको म्हणालो. फा. म्हणाले, ते वेगळं, हे वेगळं.
मला तर एकच दिसतंय.

१५ जाने., गुरु.
कुंभारीला गेलो. गड्ड्याच्या जत्रेमुळे रस्ते बंद, रिक्षा सगळं शहर हिंडून निघाली. मार्थाची अभ्यासिका म्हणजे एक खोली. विडी कामगारांची पोरं सतरंजीवर, कुणी मराठी वाचतंय, कुणी घरची तेलुगू बोलतंय. वीस वर्षं ती हे चालवतेय. आमच्या तरुण मंडळात जे चार जण धड उभे राहून बोलतात ते हिच्या हाताखालचे. माझ्या नव्हेत.
दारातच बघून, "आगं बया, मास्तर! तुमी हितं? कोण गेलं?"
"कुणी नाही गं."
"मग बसा की. आधी पाणी प्या."
सांगितलं. सरळ काही बोलता येईना. रजिस्टर, नियम, तो काळ, असं करत राहिलो. शेवटी म्हणालो, चूक झाली.
"कुणाची?"
"माझी."
"मग तसं म्हणा की."
पोरं ऐकत होती. तिने त्यांना पाढे म्हणायला लावले. मग म्हणाली, "रेघ मी तवाच बघितली होती. तुमी वही टेबलावर ठेवून गेलता." थोड्या वेळाने, "आईनं त्या फ्रॉकाचे उशीचे अभ्रे केले. लई टिकले बघा."
दृढीकरणाचं विचारलं. "आता काय करायचंय त्ये? त्या तेलाबिगर माजं अडलं का कुटं? अंजलीला दुसरी कोण तरी बघा म्हणावं."
परतताना रिक्षावाला जत्रेचं काहीबाही सांगत होता. काय ते कानात शिरलं नाही.

१८ जाने., रवि.
अंजलीने सि.ला सांगितलं, मार्थाताई नसेल तर माझं पण नाव काढा. सि.ने समजावलं. पोरगी ऐकत नाही. म्हणजे माझ्या एका रेघेखाली आता दुसरं नाव.

२२ जाने., गुरु.
मार्थाचा फोन. "अंजली रडतीया. तिच्यासाटी म्हणून करती. तुमच्यासाटी न्हाय." बरं म्हणालो. "तयारी तुमीच घ्यायची. चर्चात न्हाय, हितं येऊन. शनिवारी दुपारी."
शनिवारच निवडला तिने.
"आनि हजेरी मी घेनार. तीन चुकल्या की नाव कट. मग मी अर्जावर सही करनार न्हाय."
मी हसलो. ती नाही हसली.

२४ जाने., शनि.
पहिला वर्ग. पवित्र आत्म्याची सात दानं विचारली. धडाधड म्हणाली. पण भक्ती आधी, धैर्य मागून. मी दचकलो. ती अदलाबदल माझी. तेव्हा मी तशीच शिकवायचो, पुढं एका पुस्तकात बघून सुधारली. नंतरची पोरं बरोबर म्हणतात. हिच्याजवळ माझी चूक तीस वर्षं तशीच जपलेली.
दुरुस्त करायला तोंड उघडलं नि मिटलं. आज नको.
निघताना तिने वहीत माझ्या नावापुढं बरोबरची खूण केली. लहान पोरासारखा खूश झालो.

३१ जाने., शनि.
गुडघा भोपळ्याएवढा. डॉक्टरांनी हलू नका म्हटलं. फोन केला. "बरं," म्हणाली. ठेवून दिला.

७ फेब्रु., शनि.
आजही नाही. सुईने पाणी काढलं गुडघ्यातलं. फिलूने फोन धरला कानाला.
"दोन झाल्या, मास्तर."
"अगं, खरंच उभं राहता येत नाही."
"आई बी खरंच आजारी होती."
फिलूने फोन काढून ठेवला.
मी निदान फोनवर सांगू शकलो. ती पोर तेव्हा उन्हात चालत सांगायला आली होती, नि मी मान वर करूनही बघितलं नव्हतं.

११ फेब्रु., बुध.
सि. येऊन गेली. म्हणाली, मी जाते तुमच्या जागी, मार्थाताई समजून घेतील. नको म्हणालो. समजून घेणं तिने एकटीनेच का म्हणून? फा.ना निरोप दिला, शाल परत करा दुकानात. फा.चा उलट निरोप: मास्तर, आधी गुडघा बघा.

१४ फेब्रु., शनि.
सकाळपासून अंगणापर्यंत दोनदा चालून बघितलं. भिंत धरून जमतंय. रिक्षावाल्याला बाराला सांगितलंय. फिलूने काठी कुठंतरी ठेवलीय, सांगत नाही. "पडलात तर उचलायला मार्था येणार का?" मी म्हणालो, येईल. तीच येईल. त्यावर ती आत गेली.
मार्थाचा अर्ज खिशात घातला. सहीची जागा कोरी.
सात दानं परत एकदा बघून ठेवली. आज क्रम सांगायचा तिला, नि तो कुणी चुकवला तेही.
बारा वाजून गेले. गल्लीत हॉर्न वाजला. फिलू खिडकीतून बघून म्हणाली, आपली नव्हे, शेजारच्यांची. तरी काठी आणून दिली.
चप्पल घालतोय.