लोशाला शहरात पाठवू नये म्हणून

कोमाद्रे एर्नेस्तिनाबाई यांस, छावणीतून आन्तुनचा नमस्कार. तुम्ही माझ्याहून मोठ्या की धाकट्या, हे कळायला मार्ग नाही. मोठ्या असाल तर मी डोकं झुकवायचं, धाकट्या असाल तर तुम्ही. म्हणून तूर्त अर्धाच वाकून थांबलो आहे. (कंसातलं सगळं माझं. लोशा.)

तब्येत कशी आहे? मका कसा आहे? लोशा म्हणते, बाई नवव्या मजल्यावर राहतात, त्यांच्याकडे मका नाही. ऐकून फार वाईट वाटलं. आम्हाला उभं पीक टाकून गावातून पळावं लागलं, म्हणून आमच्याकडे नाही. तुमच्यावर कोणी गोळ्या झाडल्या?

मी आमच्या त्सोत्सिल भाषेत सांगतो आहे आणि माझी नात ते स्पॅनिशमध्ये लिहिते आहे. मला स्पॅनिश बसचं भाडं विचारण्यापुरतीच येते. पळालो तेव्हा ही पाच वर्षांची होती. कपाळाला पट्टा लावून पाठीवर आणली, सरपण आणावं तशी. (फार जड होते असं दरवेळी सांगतात. चौदा किलो.) तीच पोर आज माझं बोलणं कागदावर ठेवते, आणि परत वाच म्हटलं की माझंच मला ऐकवते, खोकलो तेवढं सोडून. मी चार-चारदा वाचायला लावतो. गाव सुटलं तेव्हा मी रडलो नव्हतो, पण हे ऐकताना डोळे भरून येतात, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

सहा वर्षं तिचे बूट, वह्या, सगळं तुम्ही केलंत. मुलाचं असं करणारी बाई आमच्यात कोमाद्रे होते, आणि कोमाद्रेच्या दारी टर्की न्यावीच लागते. तुमचं दार दोन दिवसांच्या वाटेवर, म्हणून ज्या संस्थेमार्फत तुमचे पैसे येतात, तिच्या कचेरीत मी ती नेली. तिथली कारकून पोरगी म्हणाली, "आजोबा, देणगीदारांना पक्षी पाठवायची सोय नाही हो." टर्की घेतली नाही म्हणजे नातं नाकारलं. मी दारातच बसलो, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी टर्की छपाईच्या यंत्रावर चढली आणि तिनं तिथे जे केलं ते सांगत नाही. (आजोबांनी सांगितलं होतं. मी गाळलं.) तिसऱ्या दिवशी पोरीनं हात टेकले. तुमच्या वतीनं तिनं ती खाल्ली, आणि तुम्हाला आवडल्याचं मला लिहून दिलं आहे.

आता मुख्य बोलणं. लोशाची सहावी झाली. मास्तर म्हणतात, पुढची शाळा शहरात, बसनं अर्ध्या दिवसावर, तिथेच राहायचं. तर कोमाद्रे, तुम्ही एका ओळीत 'नको' म्हणून कळवा. मी म्हटलं तर ही रुसेल, तुमचं ऐकेल. (हे ते माझ्यासमोर बसूनच सांगत आहेत.) आमची माणसं एकदा चारी दिशांना पांगली, कोणी परत आलं नाही. हिला आता मी आपल्या हातानं धाडू? आणि ही गेली की तुमचं पत्र हातात घेऊन मी नुसता बघत बसणार. मला भीती वाटते, एवढंच.

तुमचा,
आन्तुन

ता. क. हे मी आजोबांना वाचून दाखवलेलं नाही. मला जायचं आहे. परीक्षेच्या यादीत माझं नाव वरून दुसरं आहे. महिनाअखेरपर्यंत फॉर्मवर तुमची आणि आजोबांची सही लागते. फॉर्म सोबत ठेवते आहे. आजोबांचं बोलणं मला बदलता आलं असतं. पेन दोनदा थांबलं होतं. तुम्ही दोन्ही वाचून ठरवा. लोशा.

पुन्हा ता. क. हे अक्षर बसवाल्या रोमिन्कोचं, बोलणं आन्तुनचं. पत्र टाकण्याआधी याच्याकडून गुपचूप वाचून घेतलं. म्हातारपणी माणूस संशयी होतो. मी बोललो ते सगळं आहे, तिच्याविरुद्धचंसुद्धा. फक्त टर्कीचं सोडून. मला कधीच कळलं नसतं, तरी तिनं ते तसंच लिहिलं. रोमिन्कोला पुन्हा वाचायला लावलं. त्याची आजची शेवटची फेरी झाली होती, म्हणून त्याला उसाच्या दारूची बाटली पाजली. आमच्यात ती प्यायलेल्याला मागणं नाकारता येत नाही. आता दर शनिवारी तो तिला घरी आणील. फॉर्मवर माझा अंगठा उठवला आहे. शाई जरा पसरली, पण तुमच्या सहीपुरती जागा उरली आहे.