एकशे बारा पानं आणि तुझी वही

अमरावती
शनिवार, १२ जुलै २०२५

प्रिय नीलू,
सप्रेम जयभीम.

तू बरी असशील असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. बरी नसशील हे मले माहीत आहे. अकरा दिवस झाले, तू फोन उचलून नाही राहिली. मेसेज वाचते, उत्तर देत नाही. म्हणून कागद घेतला. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्याची हातानं लिहून बोटं दुखतात, पण दुखू दे.

आई उद्या सकाळच्या एस.टी.नं तुझ्याकडे अकोल्याले येऊन राहिली. तिच्या पिशवीत लोणच्याच्या बरणीखाली हे पत्र आहे. तिले एवढंच माहीत आहे की दवाखान्यानं तुले नोटीस दिली आणि बुधवारी चौकशी आहे. काल मले म्हणे, "संघपाल, ते कॉम्प्युटरचं तुमीच बनवलं ना? मंग पोरीले काहून धरलं?" मी म्हटलं, आई, ते लंबं आहे. ती म्हणे, "असू दे लंबं. मी रिकामीच हाओ." मी आंघोळीले निघून गेलो.

आधी चांदूर रेल्वेचं सांगतो. तिथं एका लहान दवाखान्याचं काम जूनमध्ये घेतलं. तिथले डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मले कागदांचे गठ्ठे नका दाखवू. पंधरा दिवसांत काहीतरी चालतं दाखवा, मग पुढचं बोलू." आमचे मालक किशोर सर कुरकुरले, पण कबूल झाले. आम्ही दोघांनी पंधरा दिवसांत फक्त पेशंटच्या नोंदीचा भाग बनवला. बाकी काहीच नाही. मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी तो केसपेपर काढणाऱ्या माणिकबाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "बाप्पा, नंबर कोनाचा टाकू? हे चौघं एका घरचे, मोबाईल एकच, आन तो घरधन्यानं वावरात नेला."

नीलू, मी तिथंच कागद काढून त्यांचं म्हणणं लिहून घेतलं.

मंगळवारी आम्ही दुरुस्ती करून दिली. आता नंबर टाकला की त्या नंबरवरची सगळी नावं दिसतात, आईच्या नावासकट, गावासकट, आणि "यातला कोण?" असं विचारते. चार दिवसांचं काम. माणिकबाई म्हणाल्या, "आता बरोबर हाय," आणि लगेच अजून दोन चुका दाखवल्या. त्या पुढच्या पंधरवड्यात दुरुस्त करू. आपली आई भाजी शिजता शिजता मीठ चाखते तसं हे आहे. तुमच्या दवाखान्यात आम्ही पंगत बसल्यावर झाकण काढलं.

तुमच्याकडे काय झालं ते तुले काय सांगू? मागच्या जुलैत आम्ही तुमच्या साहेबांसोबत एसीच्या खोलीत चार दिवस बसलो. एकशे बारा पानं लिहिली, पानापानावर सह्या घेतल्या. एकाही नर्सले बोलावलं नाही. मग आठ महिने दार लावून बांधत बसलो. ठरलेल्या तारखेले दिलं, हारतुरे झाले, आणि एप्रिलपासून वार्डात कागद-वही बंद असा हुकूम निघाला. किशोर सर अजून सांगतात, एकही बदल न करता पूर्ण झालेला प्रोजेक्ट. मलेही त्याचा गर्व होता.

चोविसाव्या पानावर लिहिलं आहे, एक मोबाईल नंबर म्हणजे एक पेशंट. ती ओळ माझी आहे.

म्हणून जूनमध्ये हिवरखेडकडची सीमा तुझ्या वार्डात आली, तेव्हा वस्तीतल्या आशा-सेविका ताईंचा नंबर टाकल्याबरोबर दुसऱ्याच पोरीची माहिती उघडली. त्या वस्तीत सगळ्यांचा नंबर म्हणजे आशाताईंचाच नंबर. स्क्रीनवर होतं, कोणत्याही औषधाची रिअ‍ॅक्शन नाही. तू इंजेक्शन भरून थांबली, बंदी असलेली तुझी जुनी वही काढली, आणि वहीत तुझ्या अक्षरात होतं की या औषधानं सीमाचा श्वास अडकते. नऊ वर्षांची पोरगी. मी रोज हिशोब करून पाहतो की तू वही फेकली असती तर काय झालं असतं, आणि मले जेवण जात नाही.

पोरगी वाचली आणि नोटीस तुले आली. चुकीची नोंद केली आणि नियमाबाहेर वही ठेवली म्हणून. कंत्राटी नर्सले घरी पाठवायले एवढं पुरते.

आता जे टाळून राहिलो ते लिहितो. ऑक्टोबरात, धम्मचक्र दिनाले आपण जेवायले बसलो होतो तेव्हा तू मले सांगतलं होतं, "दादा, आमच्याकडे अर्ध्या गावाचा मिळून एक मोबाईल असते, तुमी नंबरावर नका ठेवू." मी काय म्हटलं ते तुले पाठ असंन. मी म्हटलं, "सह्या झाल्या आता. मधात बदल काढला की तारीख हुकते. तू सुया टोच." सगळे हसले, तूही हसली. तेव्हा ते चार दिवसांचं काम होतं.

आणि दुसरं, जे तुले माहीत नाही. तीस जूनले दवाखान्यानं आमच्याकडे खुलासा मागतला. उत्तर गेलं, "सॉफ्टवेअर मंजूर कागदपत्रानुसार बरोबर चालते, चूक वापरणाऱ्याची असावी." दुसऱ्या दिवशी तुले नोटीस मिळाली. त्या उत्तराखाली किशोर सरांची सही नाही. माझी आहे. वापरणारी तू आहे हे माहीत असताना केली. नोकरीचं भेव होतं, दुसरं कारण नाही.

आज सकाळी मी चौकशी समितीले कळवलं की ते उत्तर मी मागे घेतो आणि बुधवारी स्वतः हजर राहतो. किशोर सरांचे तेव्हापासून सहा फोन आले. सातवा आता वाजून राहिला. उचलीन, पण पत्र झाल्यावर.

बुधवारी वही घेऊन ये. लपवू नको. तिच्यासाठीच मी येऊन राहिलो.

सोबत माझा नवा जबाब आहे, दोन पानांचा. ऑक्टोबरचं तुझं बोलणं त्यात जसंच्या तसं लिहिलं आहे, माझं उत्तरही. वाच. काही राहिलं असंन, मी स्वतःले कुठं वाचवलं असंन, तर लिही, खोड आणि आईजवळ परत दे. ती मंगळवारी येते, मी रात्रीतून दुरुस्त करतो. खाली जागा मोकळी ठेवली आहे. या वेळी तुले दाखवल्याबिगर सही करत नाही.

तू सांगतलं तेव्हा न ऐकलेला,
दादा