इंजिनखोलीतला माणूस कोणालाच देता येत नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, टेलिफोन कचेरीच्या तक्रार विभागातून निवृत्त, धंद्याने कादंबरीकार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, भर दुपारी, दोन चष्म्यांपैकी बरोबर तो लावून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर मी मुद्दाम उलट लिहिले असते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. यापूर्वीची तीन मृत्युपत्रे रागाच्या भरात लिहिलेली असल्याने रद्द समजावीत.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला द्यावे. पलंगाखाली खोकी आहेत. त्यांत माझी पहिली कादंबरी आहे, दुकानांतून परत आलेली. मिठाच्या ग्रहावरच्या एका गावाची गोष्ट. तीन वर्षे खपून लिहिली. पुस्तकात एकही रॉकेट नाही, तरी प्रकाशकाने मुखपृष्ठावर दोन काढली. भाचीने ती पुस्तके वाटून टाकावीत. घेणारा हसला तर त्याला दोन प्रती द्याव्यात.

कलम २. टाइपरायटर खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना द्यावा. त्याचे कारण लिहिणे भाग आहे.

पहिली कादंबरी आपटल्यावर संपादकांनी मला बोलावले. टीव्हीवर तेव्हा एका अंतराळ-गस्तीची मालिका गाजत होती. तिच्यावर कादंबऱ्या काढायच्या होत्या आणि ठरलेला लेखक हात मोडून घेऊन बसला होता.

"एकोणीस दिवस आहेत. जमेल?" संपादक म्हणाले.

"जमेल की."

"मालिका बघता ना?"

"एकही भाग चुकवत नाही," मी म्हणाले. माझ्याकडे टीव्हीच नव्हता.

डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, टीव्ही होता. कचेरी सुटली की मी वही घेऊन तिथे जाऊन बसे. मागचे भाग पेशंटांनी सांगितले, तोंडात कापसाचे बोळे धरून. त्यामुळे मालिकेवरच्या पहिल्या पुस्तकात खलनायकाचे नाव चुकले आहे. टाइपरायटरचा 'ळ' उठत नसे. काळ, वेळ आणि आभाळ मी हाताने भरत असे. तरीही अठराव्या दिवशी पुस्तक दिले. डॉक्टरांनी एकदाही "कुठला दात?" असे विचारले नाही, हे उपकार मोठे आहेत.

कलम ३. बँकेत जे काही निघेल ते चौकातल्या वाचनालयाला द्यावे. अट एकच. मालिकेवरची माझी तेवीस पुस्तके 'इतर' लिहिलेल्या कपाटात, शिवणकामाच्या मासिकांशेजारी ठेवली आहेत. ती 'कादंबरी' या कपाटात हलवावीत. ग्रंथपालबाई नाही म्हणाल्या तर माझ्या वकीलबाईंनी तिथे जाऊन बसावे. बसण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

कलम ४. जे माझे नाही, ते. मालिका काढणाऱ्या कंपनीने मला नियमांची एक जाड वही दिली होती. कप्तान मरणार नाही, लग्न करणार नाही, शेवटच्या पानावर सगळे जिथल्या तिथे. एकदा मी चौथ्या प्रकरणात कप्तानाला सर्दी दिली, तर खास पत्र आले: "कप्तानांना सर्दी होत नाही." सगळ्या माणसांची मालकी कंपनीची, मी घडवलेलीसुद्धा.

मालिकेत इंजिनखोलीत एक म्हातारा नुसताच मागे उभा असे. त्याला नाव नव्हते, म्हणून त्याच्याबद्दल नियमही नव्हता. त्याला मी तेवीस पुस्तकांत थोडा थोडा लिहिला. कंपनीला पत्ता लागला नाही. तो मला कोणालाही देता येत नाही, असे वकीलबाई सांगतात. मला त्याचे वाईट वाटते, एवढे इथे नोंदवून ठेवते.

कलम ५. दादा. माझा थोरला भाऊ, साहित्याचा प्राध्यापक. माझे तिसरे पुस्तक आले तेव्हा, घर भरलेले असताना, तो म्हणाला, "दुसऱ्याच्या बाहुल्यांना कपडे शिवतेस तू."

मी म्हणाले, "हो, आणि ते अंगावर बसतात."

सगळे हसले. दादा हसला नाही. त्यानंतर आम्ही अकरा वर्षे बोललो नाही. भाची मात्र येत राहिली.

मग दादाचे ऑपरेशन झाले. पडून पडून कंटाळला, म्हणून नर्सने ती स्वतः वाचत असलेले पुस्तक त्याला दिले. माझे होते. दुपारी फोन वाजला.

"इंजिनावर हात ठेवून 'बोल बाई, काय दुखतंय?' असं विचारणारा तो म्हातारा," दादा एकदम म्हणाला, "बाबा आहेत ना गं?"

आमचे बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. रोज असेच विचारत, पंपाला.

"हो," मी म्हणाले.

पलीकडे त्याने पान उलटल्याचे ऐकू आले. मग म्हणाला, "मी इतकं लिहिलं, पण त्यांच्यावर एक ओळ नाही लिहिली. बाकीची कुठे मिळतील?"

"वाचनालयात. 'इतर' कपाटात."

कलम ६. ~~बाबांचा पितळी पाना दादाला द्यावा.~~ खोडले. त्याचे असे झाले. हा मसुदा वाचायला मी दादाला बोलावले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसते, असे वकीलबाईंनी सांगितले.

"मग मी साक्षीदार होतो," दादा म्हणाला.

"साक्षीदार तरुण असावा हो," वकीलबाई म्हणाल्या. दादा अठ्ठ्याहत्तरचा आहे.

"तिच्या आधी मी जाणार नाही. इतकं भांडण बाकी आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि पाना मेल्यावर कशाला? आत्ताच दे."

मी दिला. त्याने तो कोटाच्या खिशात घातला. खिसा फाटला, पण त्याने पाना काढला नाही.

वरील सर्व मी पुन्हा वाचले असून ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. मागे राहणाऱ्यांनी भांडावे, पण आवाज बेताचा ठेवावा.

ठिकाण: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: चौदा मार्च, मंगळवार

सही: (लिहून देणार)

साक्षीदार १: समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई. सही केली. दुकान उघडे टाकून आल्या, म्हणून आभार.

साक्षीदार २: दादा, सख्खा भाऊ. सर्व वाचले. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या. बाकी मजकुराला हात लावलेला नाही. लावण्यासारखे काही नाही. सही.