वडिलांशी मोठ्याने बोलण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. उपायुक्त,
ध्वनी-निगराणी व गुन्हे पूर्वप्रतिबंध शाखा,
पोलीस मुख्यालय.

विषय : वडिलांना घरातून हलवण्याचा आदेश रद्द करून त्यांच्याशी पूर्ववत ओरडून बोलू देणेबाबत.

संदर्भ : १) आमच्या खिडकीसमोरील विजेच्या खांबावर बसवलेले आपले यंत्र.
२) माझा यापूर्वीचा अर्ज.
३) तो पोचताक्षणीच आलेले आपले उत्तर, ज्यात तो काळजीपूर्वक वाचल्याचे म्हटले आहे.

महोदय,

मी खाली सही करणारा चष्म्यांचा दुकानदार असून दुकानावरच्या दोन खोल्यांत पत्नी व वडिलांसह राहतो. वडिलांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांची हयात छापखान्यातल्या धडधडाटात गेली व कान तिथेच राहिले. कानात घालायचे यंत्र आम्ही आणून दिले आहे. ते दाढीच्या डब्यात असते. "यंत्रांनीच कान खाल्ले, आता त्यांचंच पोर कानात घालून हिंडू?" असे अण्णांचे म्हणणे पडते. सबब, आमच्या घरात अण्णांशी बोलणे म्हणजे ओरडणे, ही जुनी वहिवाट आहे. शेजाऱ्यांची तक्रार नाही. उलट अण्णांचा चहा झाला की नाही, हे त्यांना जिना न चढता कळते.

आपले यंत्र मात्र चढा आवाज टिपून घरातला अत्याचार घडण्याआधीच ओळखते. नागरिकांचा खासगीपणा जपण्यासाठी ते शब्द ऐकत नाही, केवळ आवाजाची पट्टी मोजते, असे माहितीपत्रकात अभिमानाने छापले आहे. त्यामुळे "अण्णा, पाणी तापलंय, आंघोळीला चला!" या वाक्यातले अण्णा, पाणी आणि आंघोळ गळून जातात व उरतो तो माझ्या पत्नीचा गुन्हेगारी स्वर. आमच्या घराची पहिली नोंद याच वाक्याची आहे. दुसरी माझी, अण्णा उतू जाणाऱ्या दुधाकडे पाठ करून उभे होते. तिसरी नोंद झाल्यास ज्येष्ठ व्यक्तीस 'सुरक्षित निवासात' हलवण्याचा आदेश आपोआप निघेल, असे नोटिशीत होते.

म्हणून आम्ही तोंडे बंद केली. खाणाखुणा करून पाहिल्या. पाटी आणली. "मला पहिलीत बसवताय का रे?" म्हणत अण्णांनी ती माझ्याच हातात दिली. मग मी व पत्नी आपसांतही कुजबुजू लागलो. बहिऱ्याला कुजबूज ऐकू येत नाही, महोदय, पण दिसते. एके दिवशी ताट सारून अण्णा म्हणाले, "कळतं मला. मला कुठेतरी धाडायचं घाटतंय तुमचं." पत्नीने दोन्ही हातांनी नाही-नाही केले. इतक्या जोरात नाही म्हणजे हो, असा अर्थ त्यांनी काढला. त्यांची समजूत घालायला मला एक वाक्य पुरले असते. ते मी गिळले.

यानंतर घर एकाएकी शांत झाले म्हणून यंत्रास संशय आला. आपल्याकडे याला 'भयग्रस्त शांतता' म्हणतात. ही नोंद नव्हे, फक्त चौकशी, असे कळवून चौकीवरचे हवालदार आले. भला माणूस. नियमाप्रमाणे मृदू आवाजात त्यांनी विचारले, "घरचे त्रास देतात का?"

"काय?"

पुन्हा विचारले. पुन्हा "काय?" शेवटी हवालदारांनी टोपी काढून वरची पट्टी लावली, "अहो अण्णा, घरचे ओरडतात का तुमच्यावर?"

अण्णांचा चेहरा उजळला. "पूर्वी ओरडायचे! आता कोण विचारतंय! तुम्ही बसा हो, चहा घ्या. तुम्ही छान बोलता."

खांबावरच्या यंत्राचा दिवा लाल झाला. ती तिसरी नोंद.

म्हणजे ज्या आवाजापायी अण्णांना माझ्या घरातून नेणार, तो आवाज आपल्याच खात्याचा, गणवेशातला व कामाच्या वेळेतला आहे. हवालदारांनी तसे लेखी दिले. त्यावर असे उत्तर आले की, यंत्राच्या नोंदीविरुद्ध माणसाचे म्हणणे दाखल करून घेण्याची सोय नाही. तसेच हवालदारांनी राग आवरण्याच्या प्रशिक्षणास हजर राहावे. आपल्या कार्यालयात चौकशी केली असता खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "निर्णय यंत्राचा असतो हो, आम्ही नुसता शिक्का मारतो." यंत्राकडे दाद मागावी, तर ते शब्द ऐकत नाही.

तरी नम्र विनंती की,

(१) सदर आदेश रद्द व्हावा, आणि आमच्या घरात काय बोलले जाते ते निदान एकदा कान असलेल्या अधिकाऱ्याने ऐकावे.

(२) तोपर्यंत अण्णांशी मोठ्याने बोलण्याची लेखी परवानगी मिळावी. ती खिडकीत लावण्याची माझी तयारी आहे.

(३) हे दोन्ही होण्यासारखे नसेल तर एक अडचण आपल्या कानावर घालतो. सोमवारी गाडी न्यायला येणार आहे, हे अण्णांना अजून माहीत नाही. त्यांचा संशय खरा ठरला, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. हळू सांगितले तर त्यांना ऐकू येत नाही आणि मोठ्याने सांगण्याची मला मनाई आहे. तेव्हा आपण स्वतः येऊन सांगावे. ते "काय?" म्हणतील. पुन्हा सांगावे लागेल. दर वेळी आणखी थोडे मोठ्याने.

आपला, नाइलाजाने हळू आवाजातला,
(सही)
चष्म्यांचा दुकानदार
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) कानांच्या डॉक्टरांचा दाखला.
२) हवालदारांच्या लेखी म्हणण्याची प्रत.
३) पाटी व खडू. आम्हांस उपयोग झाला नाही. सोमवारी आपणांस झाल्यास पाहावे.