गोदीचे ओठ

कार्तिक वद्य ३, शके १८६९. औसा

दुपारी पोरी आल्या. हातात कापूस, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं की कार्तिकाच्या वाती वळायला जमल्यात. थोड्या वळल्याही. मग दार लोटलं, परातीत ज्वारीचं पीठ पसरलं आणि बोटानं 'म' काढला.

मी अक्षराचं नाव आधी सांगत नाही. आधी आवाज. ओठ मिटा, नाकातून सोडा, वासरू हंबरायच्या आधी करतं तसा. मग त्या आवाजाचं हे रूप. माझ्या वडिलांनी, दादांनी, लातूरला मला असंच शिकवलं. घोकंपट्टीचा त्यांना भारी राग.

पंचाईत एकच. आवाजावर चालणारी शाळा, आणि आवाज करायचा नाही. म्हणून पोरी माझ्या ओठांकडे बघतात आणि अगदी हलकं म्हणतात. प आणि ब ओठांवर सारखेच दिसतात, तेव्हा गळ्याला बोट लावायला सांगते. ब म्हणताना गळा थरथरतो. त्यांना गुदगुल्या होतात, हसतात. मी दाराकडे बघत बसते.

त्याच पिठाच्या रात्री भाकरी. हे जेवताना म्हणाले, "आज काय काय पोटात चाललंय?" म्हटलं, "म, ल, क." एरवी हसले असते.

का. व. ५

ह्यांनी परत तेच सांगितलं. परवानगीवाचून मुलं गोळा करून शिकवणं गुन्हा, आणि हे तहसील कचेरीत कारकून, म्हणजे सरकारच्याच भाकरीवर. मला काय माहीत नाही? पण सरकारी शाळेत सगळं उर्दूत, आणि पोरी तर तिकडे फिरकतसुद्धा नाहीत.

संस्थान सोडून निघालेल्यांच्या भरलेल्या गाड्या सोलापूरच्या रस्त्यानं रोज जातात. भांडी, म्हातारी माणसं, शेळ्या. शेजारचं घर परवा बंद झालं.

आज मात्र एक झालं. गोदी, आमच्याकडे दूध घालणाऱ्या काशीबाईची मुलगी. सात वर्षांची असेल. परातीत क, म, ळ काढले होते. वेगवेगळे म्हटले, परत भरभर म्हटले आणि थांबली. "वैनी, हे कमळ हाय." कुणी सांगितलं नव्हतं तिला. आपलं आपण जुळवलं. नंतर दिसेल त्याला ओठ लावत सुटली, चुलीवरच्या काजळीच्या रेघांनासुद्धा. मी आत जाऊन डोळे पुसले. मग दाराची कडी नीट लागली आहे का ते बघितलं.

का. व. ८. सकाळ

काम टाकून लिहायला बसले.

किल्ल्याच्या वाटेवरल्या भिंतीवर कुणीतरी चुन्यानं मराठीत लिहिलं. 'भिऊ नका.' एवढंच. कुणी लिहिलं देव जाणे. काशीबाई दूध घेऊन निघाली होती, गोदी मागं. भिंतीपाशी माणसं जमलेली, पोलिसांचे जवान उभे. कुणी तोंड उघडत नव्हतं. आणि ह्या पोरीनं सगळ्यांच्या देखत ओठ जुळवत मोठ्यानं वाचलं.

काशीबाई मागच्या दारी आली. दुधाचा तांब्या तसाच हातात. "वैनी, एक जवान लई टक लावून बगत हुता हिच्याकडं. म्या दंड धरून वढलं तिला."

'ऊ' तर परवाच शिकवला होता. खोटं कशाला लिहू, आधी मला आनंद झाला. मग उठून दाराची कडी लावली.

का. व. ८. संध्याकाळ

पोलिसांचे अमीनसाहेब, म्हणजे ठाणेदार, चावडीवर येऊन बसले. गोदीच्या बापाला, लिंबाजीला, शेतातून उचलून आणलं आणि बसवून ठेवलंय. त्यांचा हिशेब सरळ आहे. पोर शाळेत गेली नाही, घरात कुणाला अक्षर येत नाही, तरी वाचते. म्हणजे गावात कुणीतरी चोरून शिकवतंय. जो शिकवतो त्यानंच भिंत रंगवली.

भिंत मी रंगवली नाही. पण हे सांगायला गेले तर पहिलं वाक्य काय बोलायचं?

लिंबाजीला माझं नाव माहीत आहे. अजून घेतलेलं नाही.

उद्यापासून पोरींना येऊ नका म्हणून निरोप दिला. परात घासून ठेवली. पीठच ते, त्यात काय राहणार आहे, तरी दोनदा घासली.

का. व. ९

हे दुपारीच घरी आले. कचेरीतून ह्यांना चावडीवर मराठी लिहा-वाचायच्या कामासाठी नेलं होतं. म्हणजे हे तिथंच बसलेले, लिंबाजीच्या समोर. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही म्हणे.

अमीनसाहेबांनी सरकारी शाळेतल्या म्हाताऱ्या मौलवीसाहेबांना बोलावून विचारलं, अशी पोर शिकवल्यावाचून वाचेल का? ते म्हणाले, "बच्ची है साहब. किसीसे सुना होगा, बोल दिया."

मौलवीसाहेब रोज आमच्या दारावरून नमाजाला जातात. पोरींच्या हातातला कापूस रोज बघतात. इतक्या वाती गावातल्या सगळ्या देवळांना मिळूनही लागत नाहीत, हे त्यांना कळत नसेल? तरी असं बोलले. त्यांच्यापुढे डोकं टेकवावंसं वाटलं.

पण अमीनसाहेब काही कच्चे नाहीत. म्हणाले, ठीक, बघून घेऊ. एकादशीला पोरीला चावडीवर उभं करायचं. पाटीवर नवे शब्द लिहायचे. वाचले तर शिकवणारा कोण ते बापाकडून काढतील. नाही वाचले तर लिंबाजी घरी.

पाटीवर लिहायचं कुणी? ह्यांनीच.

का. व. १०

काशीबाई गोदीला घेऊन आली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "वैनी, तुमीच शिकवलं. आता तुमीच इसरवा."

मुलाला शिकवलेलं विसरायला कसं लावतात, हे दादांनी सांगितलं नव्हतं. परत पीठ पसरलं. म्हटलं, गोदी, अंगणात कोंबडीनं उकरलेलं असतं ना, तसं समज ह्याला. नुसतं बघ. पुढं दुसरीकडे बघ.

'म' काढला. तिचे ओठ मिटले. 'प' काढला, फुगले. आवाज नाही, पण ओठ बरोबर सांगतात. आंधळ्यालाच कळणार नाही. म्हटलं, ओठ दाताखाली धर. धरले. 'आई' लिहिलं तर जबडा हलला.

"अगं, म्हणू नकोस म्हटलं ना."

"म्या न्हाई म्हणत वैनी. ते आपलं आपणच म्हणतंय."

मी तिच्या तोंडावर चापट मारली. ती रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. तिच्या आईनं मान फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकराचा गुन्हा काय? मी जे सांगितलं ते तिनं मन लावून केलं.

थोड्या वेळानं गोदीनंच विचारलं, "म्या गप ऱ्हायले तर माज्या बाला सोडतेत का?"

"सोडतात."

"मंग परत काढा." आणि परातीपाशी सरकून बसली.

दिवेलागणीपर्यंत तेच. शेवटी शेवटी बरंच जमलं. दहा शब्दांत एखाद्यालाच ओठ हलायचे. पण चावडीवर एखादासुद्धा पुरे.

हे म्हणाले, सोलापूरला जाणाऱ्या गाडीत दोघांपुरती जागा आहे, पहाटे निघू. मी म्हटलं, आपण गेलो की सगळं लिंबाजीवर. मग म्हणाले, "आणि न गेलो तर?" गाडीवाल्याला नको म्हणून निरोप धाडला. धीट आहे म्हणून नव्हे. जायलासुद्धा अंगात बळ लागतं.

एक गोष्ट लिहून टाकते. मी आत्ता चावडीवर जाऊन 'मी शिकवलं' म्हटलं तर गोदीला उभं राहावं लागणार नाही. हे मला स्पष्ट कळतं. पण ह्यांची नोकरी, ह्यांना तुरुंग, मला कुठं ठेवतील कोण जाणे. सगळं डोळ्यांपुढे येतं आणि मी हे लिहीत बसते.

का. व. ११. एकादशी

सकाळीच जवान येऊन गोदीला घेऊन गेला. काशीबाई पाठोपाठ. आमच्या दारावरून गेली पोर. डोकं विंचरलेलं, तेल लावलेलं, ओठ आत ओढून घेतलेले. माझ्या घराकडे तिनं बघितलं नाही. तसं मीच बजावलं होतं.

हे निघाले तेव्हा उंबऱ्यात थांबले. खाली बघत म्हणाले, "काल सांगवलं नाही माझ्यानं. पहिला शब्द त्यांनी ठरवून दिलाय. पोरीचं नाव."

तिचं नाव मी तिला कधी काढून दाखवलंच नाही. रोज मागायची. "माजं नाव काढा की, वैनी." मी म्हणायची, दम धर, ओकार नीट येऊ दे. ग येतो, द येतो, वेलांटी येते, ओकार शाळेच्या शेवटच्या दिवशी आला. सगळे आवाज तिच्यापाशी आहेत, फक्त एकत्र कधी बघितले नाहीत. आज बघेल. माझ्या नवऱ्याच्या अक्षरात, भर चावडीत, बापासमोर.

काल सगळे शब्द घोटून घेतले, हा सोडून.

देवापुढे दिवा लावला. ओळखू देऊ नकोस तिला तिचं नाव, असं म्हणायला हात जोडले आणि परत सोडले. हे काय मागतेय मी?

चूल पेटवलेली नाही. उन्हं अंगणात आली. अजून कुणी परत आलेलं नाही.

डोक्यावरून पदर घेतला. कडी काढली. मग परत लावली. चावडी इथून लांब नाही, हाक मारली तर ऐकू जाईल इतकीच. रस्त्यावर माणसं हळू आवाजात बोलताहेत. काय बोलताहेत ते कळत नाही. कडी परत काढली आहे.